गाबोळीचे तीन घास

पाला खायला शिकावं लागतं. हा मासा पापलेटासारखा नाही, की मधला काटा बाजूला केला आणि घास घेतला. त्याच्या मांसात केसासारखे बारीक काटे असतात, एकेका घासात पाच-सात. आमच्या अर्नाळ्यात लहान मुलंसुद्धा ते तोंडातल्या तोंडात वेगळे करतात. मला कधी जमलं नाही. मच्छीमाराच्या घरी जन्मलो, चाळीस वर्षं समुद्रावर गेलो, पण पाला मला खाता येत नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात माझ्या घशात काटा अडकला. मार्गारेटनं मला कोरड्या भाताचे गोळे गिळायला लावले, पाठीत गुद्दे घातले आणि काटा गेल्यावर पोट धरून हसली. त्या दिवसापासून माझ्या ताटातला पाला ती निवडून द्यायची. दोन बोटांनी मांस चाचपायची, काटे ताटाच्या कडेला लावायची आणि म्हणायची, "खावा आता, मोठे दर्यावर्दी."

हे एक्केचाळीस वर्षं चाललं. गेल्या साली श्रावणात ती गेली.

ती कशी गेली हे मी एका फादरशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. त्यामुळे हंसा नावाच्या एका बाईचं नाव खराब झालं, आणि ते मी होऊ दिलं. म्हणून आता पहिल्यापासून सगळं लिहितो.

गेल्या साली फेब्रुवारीत मार्गारेटला पॅरालिसिस झाला. उजवी बाजू गेली. बोलणं एका-एका शब्दावर आलं, तेही अर्धं तोंडात राहायचं. सगळ्यात वाईट म्हणजे गिळणं. डॉक्टर म्हणाले, घशाची ताकद कमी झाली आहे, अन्न श्वासाच्या नळीत जाऊ शकतं, सांभाळून भरवा. आमची मुलगी डायना नंदाखालला दिली आहे आणि बँकेत कामाला आहे. तिनं एका कागदावर मोठ्या अक्षरात यादी लिहिली आणि फ्रिजच्या दाराला चिकटवली. सरळ बसवून भरवायचं. छोटा चमचा. सगळं मिक्सरमधून काढून एकजीव करायचं. पाणीसुद्धा दाट करून. काटा नाही, हाड नाही. मीठ नाही, बीपी आहे. ती यादी मी रोज वाचायचो. मला वाचता येत नव्हतं असं नाही.

दिवसभरासाठी डायनानं हंसाला ठेवली. ती विरार पूर्वेच्या फुलपाड्यातून यायची, सकाळी आठला, आणि सहाला जायची. चाळिशीची बाई, बोलकी. आल्याबरोबर मार्गारेटचे केस विंचरायची आणि विचारायची, "काय आंटी, आज कोणाच्या लग्नाला जायचं? अंकलना न्यायचं की इथंच ठेवायचं?" मार्गारेट अर्ध्या तोंडानं हसायची आणि म्हणायची, "ठेव." मग दोघी माझ्याकडे बघून हसायच्या. भरवताना हंसा घाई करायची नाही. एक वाटी पेज भरवायला तिला पाऊण तास लागायचा. तेवढा धीर मला नव्हता, हे मी कबूल करतो.

जुलै उजाडला आणि वैतरणेतून लाल पाणी खाली यायला लागलं. पाल्याचे दिवस तेच. वर्षभर हा मासा समुद्रात असतो. नदीचं गोडं पाणी खाडीच्या तोंडाला आलं की त्याला कळतं, आणि तो पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, घेऊन वर निघतो. भरतीबरोबर चढत जातो, पार गोड्या पाण्यापर्यंत, तिथं अंडी टाकतो आणि परत फिरतो. वर चढताना तो जवळजवळ काही खात नाही. कापला तर पोटात अन्न सापडत नाही, नुसती गाबोळी असते. माझ्या बापाच्या वेळेस एका भरतीला होडी भरायची. आता वर धरणं झाली, रेतीवाल्यांनी तळ उपसला, आणि खाडीच्या तोंडाला आम्हीच जाळी लावून बसतो. हल्ली मोसमात वीस-पंचवीस मिळाले तरी लोक नशीब म्हणतात. विरारला राहायला आलेले बंगाली लोक त्यासाठी सकाळीच बंदरावर येऊन उभे राहतात.

आमच्या घरापुढून मच्छी विकणारी एक बाई ओरडत गेली, "पाला घ्या, गाबोळीचा पाला." दुसऱ्या गावचा माल होता, बर्फातला. मार्गारेट खिडकीशी खुर्चीत होती. ती म्हणाली, "पाला."

मी म्हटलं, "नाय गं, तुला चालत नाय."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणाली, "पाला." तिसऱ्या दिवशी पेजेचा चमचा तिनं डाव्या हातानं बाजूला केला आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पॅरालिसिसमध्ये रडू लवकर येतं, असं हंसा म्हणाली. पण मला ते सहन झालं नाही. सहा महिने ती पेज खात होती. एका मच्छीवालीची पोर, मच्छीवाल्याची बायको, आणि ताटात रोज तो पांढरा लगदा.

यांत्रिक बोटी पावसाळ्यात बंद असतात, पण वल्ह्याच्या छोट्या होडीनं खाडीत जाता येतं. माझ्याबरोबर जयवंत असतो. तो शेजारच्या पाड्यातला, माझ्याहून चार वर्षांनी लहान, लहानपणापासून एका होडीत. भरती लागताना आम्ही जाळं सोडलं आणि पाण्याबरोबर वर सरकत राहिलो. तासाभरानं ओढलं तर एकच पाला. हाताच्या कोपरापर्यंत लांब, पोट टच्च भरलेलं.

जयवंत म्हणाला, "सेबू, पयला हाय. सोड त्याला."

आमच्याकडे रिवाज आहे. मोसमातला पहिला गाबोळीचा पाला ठेवायचा नाही, पाण्यात सोडायचा. माझा बाप सांगायचा, पहिला वर गेला की मागच्यांना वाट कळते. हिंदू असो की ख्रिश्चन, आमच्या खाडीवर सगळे पाळतात. मीसुद्धा तोवर कधी मोडला नव्हता.

मी म्हटलं, "मार्गीला पायजे."

"उद्या मिलंल की दुसरा."

"उद्याचं कोनी बघितलंय? गेल्या साली पयल्यानंतर आठ दिवस काय नव्हतं."

जयवंतनं जाळं आत घेतलं. वल्हं मारायला लागला. काठाला येताना एवढंच म्हणाला, "बायकोच्या नावावर खपव तू."

त्या माशाचा शाप लागला असं मी मानत नाही. मासा मासाच. जे केलं ते मी केलं.

घरी येताना मी सगळं ठरवलं होतं. पाल्याला काटे असतात, पण गाबोळीला काटा नसतो. गाबोळी मऊ असते. तेव्हा मांस द्यायचं नाही, फक्त गाबोळी द्यायची. माझ्या आयुष्यात माशाची भीती एकच होती, काट्याची. घशात काटा गेला की काय होतं ते मला माहीत होतं. काटा नाही म्हणजे धोका नाही, असं मला अगदी खरं वाटलं. उलट मी शहाणपणा करतोय असं वाटलं.

हंसा घरात असताना जमणार नव्हतं. ती यादी सोडून काही देऊ द्यायची नाही. मी तिला सांगितलं, आंटीचं औषध संपत आलंय, आगाशीहून घेऊन ये. ते औषध अर्नाळ्यातही मिळत होतं. आगाशीला बसनं जाऊन यायला तासभर लागतो म्हणून मी आगाशी सांगितलं.

ती म्हणाली, "अंकल, दुपारची पेज आल्यावर भरवते. तुम्ही काही करू नका, घाई कराल."

मी म्हटलं, "जा गं."

गाबोळी हळद आणि आमसूल लावून वाफवली. सुटी केली, कुठं शिरेचा तुकडासुद्धा राहू नये म्हणून उजेडात धरून बघितली. दोन बोटांनी चाचपली, ती चाचपायची तशी. मार्गारेटला सरळ बसवलं. छोटा चमचा घेतला. पहिला घास तिनं तोंडात धरून ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ गिळला नाही. मग गिळला. दुसरा घास दिला. तिसरा तिनं आपणहून मागितला, तोंड उघडून माझ्याकडे बघितलं.

तिसऱ्या घासाला ठसका लागला. फार मोठा नाही. चेहरा लाल झाला, खोकली, मी पाठीवरून हात फिरवला, ती शांत झाली. मला वाटलं, गेलं. तरी मी चौथा घास दिला नाही. ताट घासलं, टोप घासला. उरलेला मासा पिशवीत बांधून मागच्या दारानं मांजरांना टाकून आलो. काम लपवायचं असतं तेव्हा माणूस किती नेटकं काम करतो.

हंसा आली. दारातूनच म्हणाली, "वास कसला येतोय?"

"शेजारी कायतरी शिजवतायत."

ती मार्गारेटजवळ गेली, तिचं तोंड पुसायला बसली. मी बाहेर ओट्यावर आलो.

संध्याकाळी ताप भरला. डॉक्टर घरी येऊन गेले, गोळी दिली. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी श्वास घरघरायला लागला आणि आम्ही तिला दवाखान्यात नेलं. पहिल्याच संध्याकाळी मी सांगितलं असतं तर उपचार वेगळे झाले असते का, मला माहीत नाही. नंतरही कोणा डॉक्टरला ते विचारायची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या दिवशी तिथले मोठे डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, "छातीत अन्न गेलंय. दाणेदार काही दिलं होतं का? रवा, साबुदाणा, तांदळाची कणी? अशा पेशंटला मऊपेक्षा चुरा होणाऱ्या गोष्टींचा धोका जास्त."

तेव्हा मला कळलं. गाबोळी म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको होतं. नुसते दाणे. एका गाबोळीत लाखांनी दाणे. आयुष्यभर मी ती हातात घेतली, शिजली की बोटांनी सुटी केली, आणि सहा महिने रोज यादीतला 'एकजीव' हा शब्द वाचला.

डायना हंसाकडे वळली. "रवा दिला होतास का तू?"

"नाही ताई. पेजच. मिक्सरमधून काढून."

"मग दाणा आला कुठून? नीट चाळलं नसशील. की झोपवून भरवलंस? खरं सांग. घाई होती तुला?"

"घाई कशाला करू ताई?"

"मग आला कुठून?"

हंसानं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. कॉरिडॉरच्या टोकाला पाण्याचा कूलर होता. मी म्हटलं, "डायना, पानी आनतो तुला," आणि तिकडे गेलो. ग्लास भरला, ओतला, परत भरला. परत आलो तेव्हा हंसा गेली होती.

नवव्या दिवशी मार्गारेट गेली.

मातीला हंसा आली होती. कब्रस्तानाच्या फाटकाशी उभी होती, आत आली नाही. डायनानं तिला बघितलं आणि कोणाकरवी तरी निरोप पाठवला की जा इथून. मी खांद्यावर पेटी घेतलेल्यांच्या मागे होतो. ते मला दिसलं. मी पुढे चालत राहिलो.

पुढच्या आठवड्यात डायनानं त्यांच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. त्या ग्रुपवर नंदाखाल, आगाशी, अर्नाळा, सगळीकडच्या बायका आहेत. तिनं हंसाचा फोटो टाकला आणि लिहिलं की या बाईच्या निष्काळजीपणामुळे माझी मम्मी गेली, कोणी आजारी माणसाजवळ हिला ठेवू नका. डायनाला मी दोष देत नाही. तिला जेवढं माहीत होतं तेवढ्यावर तिनं लिहिलं. तिच्या दुःखाला एक नाव हवं होतं, आणि खरं नाव तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून चहा पीत होतं.

मी चर्चमध्ये जाऊन कुमसार केला, पापाची कबुली दिली. फादरना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, देव माफ करतो, रोझरी म्हणा. आणि विचारलं, "त्या बाईचं काय?" मी म्हटलं, बघतो. ते बघणं दहा महिने चाललं.

या मार्चमध्ये मी आगाशीच्या बसमध्ये होतो. पुढच्या सीटवर दोन बायका बोलत होत्या. एकीच्या सासूसाठी बाई हवी होती. दुसरी म्हणाली, "कोणीही ठेव, पण ती फुलपाड्याची हंसा नको हं. अर्नाळ्याच्या म्हातारीला तिनं घाईघाईत कोंबून मारली म्हणे."

"अगं बाई. पोलिसात नाही दिली?"

"चांगली माणसं होती ती. सोडून दिली."

चांगली माणसं म्हणजे आम्ही. मी पुढच्या स्टॉपला उतरलो आणि उरलेला रस्ता चालत गेलो.

या जुलैत डायनाचा फोन आला. "पप्पा, वर्षाच्या मिस्साला, चर्चमधून आल्यावर, मम्मीच्या आवडीचं जेवण करायचं आहे. पाला आणा ना. बाजारातला नको, तुम्ही पकडलेला. मम्मीला लास्ट टाइम मिळालाच नाही, मला ते फार लागून राहिलंय."

मी म्हटलं, "बघतो."

दुसऱ्या दिवशी जयवंतबरोबर गेलो. पाणी लाल होतं, भरती चांगली होती. पहिल्या ओढीला काही नाही. दुसऱ्या ओढीला एक पाला. तेवढाच लांब, तसंच पोट. मी तो जाळ्यातून सोडवला. तो हातात जोर करत होता. खवले माझ्या तळहाताला चिकटले. आणि मला मार्गारेट दिसली, तोंड उघडून तिसरा घास मागणारी.

मी हात पाण्यात घातले आणि मासा सोडला. एकदा शेपटी हलली, मग दिसला नाही.

जयवंत हसला. "आता रिवाज आठवला? गेल्या साली माज्यावर गुरगुरत होतास."

"सोडला ना आता."

"सोडलास. पन मागचा काय परत येतो, सेबू?"

तो माशाबद्दलच बोलत होता, त्याला दुसरं काही माहीत नव्हतं. पण मी वल्हं धरून बसून राहिलो. मासा सोडताना क्षणभर मला हलकं वाटलं होतं, जणू मी काहीतरी फेडलं. फेडलं काहीच नव्हतं. मासा वर गेला होता. हंसा तिथंच होती.

काठाला आल्यावर मी कपडे बदलले, विरारची बस धरली, रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला आलो आणि फुलपाड्याची रिक्षा केली. हंसाचं घर मला माहीत होतं. मार्गारेट आजारी असताना ईस्टरचा केक मीच देऊन आलो होतो. घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, समोरच्या बिल्डिंगमध्ये असेल, तिथले जिने पुसते.

हंसा तिसऱ्या मजल्यावर होती. ओणवी होऊन पायरी पुसत होती. मला बघून उभी राहिली. वर्षात वाळली होती.

"अंकल? तुम्ही? डायनाताई बरी आहे ना?"

"बरी हाय."

  येताना मी सगळं पाठ केलं होतं, ते एकही वाक्य आठवेना.

"हंसा, त्या दिवशी तुला आगाशीला पाठवली..."

"आणि गाबोळी भरवलीत," ती म्हणाली. फडकं बादलीत पिळलं. "मला माहीत आहे अंकल. आंटीच्या गालात राहिली होती. पिवळे दाणे. बोटाला कापड गुंडाळून मीच काढले."

 "मग बोलली का नाय? दवाखान्यात, डायना एवढं बोलत होती तुला..."

"आंटीनं माझा हात धरला. डावा हात तिचा, चांगला होता तो. असा घट्ट धरला आणि मान हलवली. बाहेर तुम्ही ओट्यावर होतात, तिकडे डोळे केले आणि परत मान हलवली. मला कळलं काय म्हणते ती. तेव्हा ताप नव्हता हो. मला वाटलं, खाल्लं बिचारीनं, खाऊ दे. संध्याकाळी डॉक्टरला तरी बोलायला हवं होतं मी. ते मला खातं अजून."

"आनि नंतर?"

"नंतर वाटलं, आता अंकल बोलतील. दवाखान्यात बोलतील. नाही तर मातीच्या दिवशी बोलतील. मी फाटकाशी उभी होते ना. नंतर फोटो फिरला माझा. आणि मग मी बोलून काय उपयोग? काढलेली बाई म्हाताऱ्यावर ढकलते, असंच म्हणाले असते."

"मला माफ कर," मी म्हटलं.

तिनं बादली खालच्या पायरीवर ठेवली. "मी आंटीसाठी गप्प राहिले, अंकल. तुमच्यासाठी नाही."

मग पुन्हा ओणवी झाली. मी वळलो तेव्हा म्हणाली, "जिना ओला आहे. कडेनं उतरा."

परतीच्या बसनं मी आगाशीला उतरून नंदाखालला चालत गेलो. वाटेत एकच विचार होता. मार्गारेटला हे कोणाला कळायला नको होतं. मरतानाही तिनं मला सांभाळलं होतं. आता मी सांगितलं तर तिचा शब्द मोडतो. पण तिला फोटोचं माहीत नव्हतं, बसमधल्या बायकांचं माहीत नव्हतं. असतं तर तिनं मला हाताला धरून डायनापुढे उभं केलं असतं. तिला मी एक्केचाळीस वर्षं ओळखत होतो.

डायना मागच्या पडवीत नारळ खवत बसली होती. मला बघून म्हणाली, "मिळाला पाला?"

"मिळाला. सोडला."

"सोडला? पप्पा, मी सांगितलं होतं ना! मम्मीसाठी हवा होता मला."

"मम्मीनं खाल्ला होता," मी म्हटलं. "गेल्या साली. मीच दिला. मांस नाय, गाबोळी. तीन घास. तिसऱ्याला ठसका लागला. हंसा घरात नव्हती. मीच तिला आगाशीला पाठवली होती, कारन ती देऊ देत नव्हती."

डायनाचा हात खवणीवर थांबला. वाटीतलं खोबरं ती बघत राहिली. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"डॉक्टरनं विचारलं तेव्हा तुम्ही तिथंच होतात," ती म्हणाली.

"होतो."

"मी हंसाताईला बोलत होते तेव्हाही."

"होतो."

"पाणी आणायला गेलात तुम्ही." तिचा आवाज बारीक झाला. "मी प्यायले ते पाणी."

 ती उठली, हात धुतले, आत गेली. बराच वेळ आली नाही. आतून नळाचा आवाज येत होता, मग तोही थांबला. ती बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते आणि हातात फोन होता. माझ्याकडे न बघता ती समोरच्या खुर्चीत बसली.

"काय लिहू?" तिनं विचारलं.

"खरं ते लिही. त्याच ग्रुपवर. तिचा फोटो टाकला होतास त्याच्याखाली."

ती लिहायला लागली आणि वाचत गेली. "माझ्या मम्मीबद्दल मी हंसाताईंवर जो आरोप केला तो चुकीचा होता. त्यांची काहीही चूक नव्हती. मम्मीला त्या दिवशी घरातल्या एका माणसानं..."

"एका मानसानं नको," मी म्हटलं. "माझं नाव लिही. सेबेस्टियन. मग घरातला कोन, हे कोनी विचारायला नको."

तिनं खोडलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा वाचून दाखवलं. मग फोन माझ्यापुढे धरला.

"तुम्ही पाठवा."

मला ते फोनचं फारसं कळत नाही. तिनं बोटानं हिरवी खूण दाखवली. मी दाबली. मेसेज वर सरकला आणि त्याच्याखाली लगेच एक-दोन बायकांची नावं हलायला लागली. डायनानं फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"उद्या मी फुलपाड्याला जाते," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका."

"बरं."

ती खवणीवर परत बसली, पण खवलं नाही. नारळाची वाटी हातात तशीच धरून म्हणाली, "काही बोलली का मम्मी? खाताना."

"बोलली."

"काय?"

"'मीठ' म्हनाली. मीठ नव्हतं त्यात."

डायना माझ्याकडे बघत राहिली. मीठ मी घातलंच नव्हतं. यादीत नको लिहिलं होतं. यादीतलं तेवढं एक मी पाळलं होतं.